चांदणीच्या गळ्यातली सुतळी

मीरा आणि अजित,

चुडाव्याहून परत येऊन आज आठ दिवस झाले. होल्डॉल उन्हात घातला, थर्मास सोड्याने धुतला, आणि निघताना केलेल्या यादीवरून सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या. एक वस्तू यादीपेक्षा जास्त निघाली. तिच्याबद्दल शेवटी सांगेन, कारण ती मला शेवटीच मिळाली.

विहिरीत पडलेल्या रेडिओची कादंबरी तुम्हाला आठवत असेल. तुमची आई लीड्सला रोज जेवताना तिचं एकेक प्रकरण वाचून दाखवायची. ती संपल्यावर मीराने मला लिहिलं होतं, "आजी, ही बाई आणखी का लिहीत नाही? आणि ती दिसते कशी?" मला दोन्ही प्रश्नांची उत्तरं ठाऊक नव्हती. तिचे प्रकाशक म्हणजे तुमच्या आजोबांचे जुने मित्र, आपले काका. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दुसरी कादंबरी होत आली आहे. पण तिच्याकडे एकच प्रत आहे आणि टपालावर तिचा विश्वास नाही. तुम्ही जाऊन घेऊन याल का? शुक्रवारपर्यंत हातात पाहिजे. नंतर छपाईयंत्रावर शाळेची पुस्तकं चढतात, मग वर्षभर बघायला नको."

मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. "बाई, वही हरवली" ही सबब कधी ऐकून घेतली नाही. काकांना म्हटलं, "कागदांची काळजी माझ्यावर सोडा."

हे वाक्य लक्षात ठेवा.

शनिवार, चुडावा

मनमाडला मोठी गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसायचं. तिचं इंजिन अजून कोळशावर चालतं. खिडकी उघडी ठेवली तर कोळशाचे कण डोळ्यात, बंद ठेवली तर जीव घुसमटतो. मी उघडी ठेवली. पूर्णेला उतरले तेव्हा माझी पांढरी साडी राखाडी ठिपक्यांची झाली होती. पूर्णा हे रेल्वेचंच गाव आहे. तिथे दर दुसरा माणूस गार्ड किंवा फायरमन, आणि चहावाल्यालाही गाड्यांचं वेळापत्रक पाठ. तिथून चुडावा जवळच.

चुडाव्याच्या फलाटावर एकच बाई उभी होती, हातात सायकल. मीरा, ती दिसते कशी ते ऐक. वय तिशीच्या आसपास, उंच, वेणी पाठीवर न सोडता डोक्याभोवती गुंडाळलेली, आणि उजव्या कोपराला हिरवा रंग. नाव मंगल. गावच्या शाळेत शिक्षिका आहे.

"मावशी, गाडी येळेवर आली! तुमचाच पायगुण," असं म्हणून तिने माझा होल्डॉल सायकलच्या कॅरियरवर आवळलासुद्धा.

स्टेशनबाहेरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. बाजूच्या आणि विरोधातल्या, एकीवर एक रंगवलेल्या, इतक्या की आता कुठलीच धड वाचता येत नव्हती. मंगल तिकडे बघत म्हणाली, "रंग चांगला वापरलाय, पण अक्षराला वळण न्हाई." एवढंच बोलून ती चालू लागली.

तिचं घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात मोठा लिंब. पहिल्या खोलीत शिरताच मी दचकले. तिन्ही भिंतींवरून मुखवटे माझ्याकडे बघत होते: वाघ, म्हातारी, पोलीस, डोळे मिटलेला बैल. गावच्या आणि पूर्णेच्या नाटकांसाठी मंगल ते बनवते, नाटकांचे पडदेही रंगवते, दुकानांच्या पाट्याही करते. आईच्या गोधड्यांसाठी ठिगळांची नक्षीसुद्धा तीच कागदावर काढून देते. कादंबरी लिहायला वेळ कधी मिळतो, असं मी विचारलं तर म्हणाली, "ह्या सगळ्यातून हात दुखायला लागला की बसते लिहायला."

तिच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात दात मोजकेच. त्यांनी हात जोडून लिंगायतांचा नमस्कार केला. "शरणार्थी, आक्का. बसा. च्या पिता का आधी भाकर?" आपल्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, प्रवास कसा झाला? इथे पोटाचं बघून झाल्यावर प्रवासाचं. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इतकी झणझणीत की माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

जेवण झाल्यावर अव्वा अंगणात त्यांच्या कामाला बसल्या. एका मोठ्या घंगाळात कागद भिजत होते. भिजलेला कागद भिजवलेल्या मेथीबरोबर उखळात कुटायचा, त्या लगद्याच्या टोपल्या थापायच्या. मंगलचे मुखवटे त्याच लगद्याचे.

"इतका कागद येतो कुठून?" मी विचारलं.

"माझाच," मंगल म्हणाली. "जे प्रकरण जमलं न्हाई, ते अव्वाच्या घंगाळात. हा वाघ बघा, ह्याच्यात गेल्या पावसाळ्याची चार प्रकरणं हायत."

अव्वांना वाचता येत नाही. मग घंगाळात काय टाकायचं आणि काय नाही हे त्यांना कसं कळतं? हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

रविवार

सकाळी लिंबाखाली अकरा मुलं जमली. गावात सध्या कोण कुणाच्या ओट्यावर बसतो हेही बघितलं जातं, पण इथे सगळ्या गल्ल्यांची मुलं एका सतरंजीवर होती आणि अव्वांच्या माठाला तांब्या एकच होता. सगळ्यात पुढे बौद्धवाड्यातली तेरा वर्षांची शेवंता, मांडीवर धाकटा भाऊ. तिच्याशेजारी जावेद, त्याचे वडील बैलांना नाल ठोकतात.

मंगलची रीत अशी. प्रत्येक मुलाच्या हातात एक चिंचोका. मधे पत्र्याचा डबा. ती प्रकरण वाचते. ऐकताना ज्याला कंटाळा येईल त्याने काही न बोलता चिंचोका डब्यात टाकायचा. डबा वाजत राहिला की प्रकरण गेलं घंगाळात. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, पण इतकी कडक कुठे बघितली नाही.

ही कादंबरी तारा आणि तिच्या दोन मित्रांची. ताराची शेळी चांदणी हरवते, आणि तिघं रुळांच्या कडेने चुडाव्याहून पूर्णेकडे तिला शोधत चालत जातात. त्या दिवशी शेवटचं, बारावं प्रकरण होतं. मंगल वाचत होती, मी डब्याकडे बघत होते. मधेच एकदा टण्ण झालं. सगळ्यांनी जावेदकडे बघितलं.

"हातातून निसटला, बाई! अल्ला कसम, बोर न्हाई झालो!"

प्रकरण संपलं. डब्यात तेवढा एकच. मंगलने पाने खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाच वर्षांनी तिची कादंबरी पुरी झाली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवंता उठली, डब्यातला तो चिंचोका काढून जावेदच्या डोक्यावर मारला, आणि मग सगळे ओरडत सुटले.

"तरी इंजिनाचा पाठ तुमी काढून टाकलाव," जाताजाता शेवंता म्हणाली. "डबा रिकामा होता त्या दिवशी. तुमचाच नेम तुमी मोडला."

"ड्रायव्हर असं पोरांला इंजिनात घेत न्हाई गं."

"शेळी तरी कुठं पूर्णेपर्यंत जाती?"

दुपारी मंगल गिरणीची पाटी रंगवायला गेली. मीही थोडा वेळ जाऊन बघून आले. गिरणीवाल्याला फक्त नाव हवं होतं. तिने नावाशेजारी पिठाने पांढरा झालेला उंदीर काढला होता.

"बाई, उंदीर बघून गिऱ्हाईक पळंल की ओ!"

"उंदीर गुबगुबीत हाय ना? म्हंजे पीठ सकस. कळतंय लोकांना."

मी घरी परतले तेव्हा अव्वा शेजारी गेल्या होत्या. खोलीत ती कादंबरी जमिनीवर पसरलेली होती. पाने उलटसुलट, वर दाब म्हणून वरवंटा, काही पाने वाऱ्याने पलंगाखाली. माझ्या हातांना राहवेना. मी एकेक पान उचलून क्रमाने लावलं, कोपरे जुळवले, पाकिटातून पांढरी सुतळी काढून अधिक चिन्हासारखी बांधली, वर दुहेरी गाठ मारली. तो देखणा गठ्ठा कोनाड्यात ठेवला आणि समाधानाने वामकुक्षीला गेले.

सोमवार, येळवस

मार्गशीर्षातली अमावस्या. अव्वांचं माहेर लातूरकडचं. तिकडे ह्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. त्याला येळवस म्हणतात. इथेही अव्वांनी ती कधी चुकवली नाही. पहाटेपासून चुलीवर भज्जी शिजत होती, म्हणजे वाल, तूर, हरभरा, जे जे हिरवं मिळेल ते सगळं एकत्र करून बेसनात घोटलेली भाजी. जोडीला उंडे, म्हणजे बाजरीचे वाफवलेले गोळे, आणि आंबील.

मंगल आतून आली. "मावशी, कागद तुम्ही उचलले का?"

"कोनाड्यात आहेत. नीट बांधून ठेवलेत," मी अभिमानाने सांगितलं.

मंगलचा हात वेणीवर गेला आणि तिथेच राहिला. "बांधून?"

बाहेर उखळात मुसळ पडत होतं. धप्, धप्. ती धावली, मी मागे. घंगाळातलं पाणी निळं झालं होतं. उखळात मऊ, निळसर लगदा, त्यात मेथी. माझी पांढरी सुतळी मात्र अव्वांनी गठ्ठ्यावरून सरकवून काढून, गुंडाळून, उखळाच्या कडेला ठेवली होती. तिची दुहेरी गाठ अजून शाबूत.

"अव्वा! हे कामून कुटलंस?"

"कामून म्हंजे? बांधलेलं होतं की!" अव्वा चकित होऊन माझ्याकडे बघू लागल्या. "बांधलं की भिजवायचं. सुटं असंल तर हात लावायचा न्हाई. वरीसभर चालू हाय हे घरात."

हीच ती रीत. नको असलेली पाने मंगल चिंधीने बांधून कोनाड्यात टाके; हवी असलेली सुटी, वरवंट्याखाली. माझ्या जगात बांधलेलं ते मोलाचं आणि विस्कटलेलं ते टाकाऊ. इथे बरोबर उलटं. आणि मी कुणाला न विचारता माझं जग त्यांच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं होतं.

मंगल उखळाशी बसली. लगद्याची मूठ भरून तिने बोटांमधून बघितली. एक अक्षर दिसत नव्हतं. मी "चूक माझी आहे" असं म्हणाले. मुलांनो, तुमची आजी एका अनोळखी अंगणात उभी राहून रडली.

अव्वा उठल्या, पदराने माझे डोळे पुसले. "आक्का, रडू नका. आंबील खारट व्हईल."

तेवढ्यात शेतात जायला निघालेली शेवंता फाटकात आली, काखेत भाऊ. "काय झालं? कोन गेलं?"

"आपली कादंबरी गेली," मंगल म्हणाली. "सगळी. शुक्रवारी द्यायची होती."

शेवंताने घंगाळात डोकावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भावाला दुसऱ्या काखेत घेतलं. "मग? आमाला येती की." आणि तिने तिथेच उभ्याने सुरुवात केली: "'ज्या दिवशी चांदणी हरवली त्या दिवशी ताराने तिला पहिल्यांदा शिवी दिली होती...'"

मंगलने मान वर केली.

"पुढं सांगू? पर कुनीतरी लिवून घ्या. मला शाळेचा गृहपाठ हाय."

मी पेन काढलं.

त्या दिवशी शेतात काय झालं ते ऐका. ज्वारीच्या धांड्यांची लहानशी खोप करून तिच्यात पाच दगड मांडले होते. पूजा झाली, पोटभर जेवणं झाली, मंगल हरभऱ्याच्या सऱ्यांमधून फिरून आली. मग खोपीच्या सावलीत मी उपड्या टोपलीवर वही ठेवून बसले आणि अकरा मुलं माझ्याभोवती. शेवंताला ताराची सगळी वाक्यं पाठ. जावेदला भांडणं पाठ. एका अगदी लहान मुलीला फक्त शेळीचं बोलणं पाठ, ते ती शेळीच्या आवाजातच सांगायची. कुणी चुकलं की बाकीचे तुटून पडत.

"तसं न्हाई! आधी पूल येतो, मग साप."

"साप आधी. तू झोपला होता त्या दिवशी."

"मी झोपलो असतो तर चिंचोका पडला असता की हातातनं!"

मंगल आधी दूर बसून ऐकत होती. मग जवळ आली. तिसऱ्या प्रकरणाला तिने एक शब्द दुरुस्त केला, चौथ्याला दोन वाक्यं. पाचव्याला ती पोट धरून हसत होती. "हे मी लिहिलंच न्हाई! हे कुठून आणलं?"

"तुमी वाचताना हात करून दाखवलं होतं, बाई. आमी ते बी धरलं."

मंगळवार, शाळा

माझा हात सुजला होता. दर पाच मिनिटांनी मी बोटं झटकत होते ते मंगलने बघितलं, आणि शाळेत मोठ्या वर्गांना दिवसभर शुद्धलेखनाचा तास लागला. मुलांची तीन टोळकी, तीन सांगणारे, बाकीचे लिहिणारे. मी छडीशिवाय पण छडीच्या चालीने मधून फिरत होते. नाना अक्षरं, नाना शाया, एकाची तर पेन्सिलच. दुपारपर्यंत अकरा प्रकरणं झाली.

तेव्हा शेवंताने घसा साफ केला. "आता इंजिनाचा पाठ."

"तो काढलाय," मंगल म्हणाली.

"आमाला कुठं इचारलाव काढताना? डबा रिकामा होता." जावेद हळूच म्हणाला, "बाई, त्यो पाठ भिजला व्हता आधीच. आता बाकीचे बी भिजले. म्हंजे सगळे सारखेच झाले की."

मंगलने खिडकीबाहेर बघितलं. लांब पूर्णेच्या बाजूने धूर दिसत होता. "लिहा," ती म्हणाली.

मी तो पाठ लिहून घेतला, आणि त्याच्यामागे शेवटचं प्रकरण. ड्रायव्हर तीन मुलांना आणि एका शेळीला इंजिनात घेतो, आणि तारा शिट्टीची साखळी ओढते. मीरा, मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत, तुला ठाऊक आहे. हा पाठ गाळून ती कादंबरी चांगली होती. तो घालून ती धावत सुटली. मंगललाही ते कळलं. उठून तिने चिंचोक्यांचा डबा आणला आणि सगळे चिंचोके मुलांना वाटून टाकले.

बुधवार, फलाट

सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन निघाले. हिरवी मिरची, शेंगदाणे, वर लिंबू, पोहे विसराल. निरोपाला अकराही मुलं आणि अव्वा. कादंबरी माझ्या पिशवीत होती, तेरा प्रकरणं, पानापानावर माझे आकडे. बांधली नव्हती.

"आक्का," अव्वा गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सुतळी देऊ का एखादी?"

स्टेशनमास्तरही हसला, त्याला गोष्ट कुणीतरी आधीच सांगितली होती.

गाडी दिसली तेव्हा मंगलने पाठीमागे धरलेली वस्तू पुढे केली. "ही मीरा-अजितला. अजून आतून ओली हाय, मांडीवर धरा."

मी मांडीवर धरूनच आणली. पूर्णेपर्यंत ओल्या रंगाने माझा अंगठा पांढरा झाला होता. शुक्रवारी काकांनी पाने उलटून विचारलं, "हे अक्षर कुणाचं? पानोपानी बदलतंय." मी म्हटलं, "ज्यांची कादंबरी आहे त्यांचं." तोवर त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं होतं.

पुस्तक छापून झालं की पाठवीन. त्याच्याआधी एक पुठ्ठ्याचा डबा येईल. त्यात शेळीचा मुखवटा आहे: पांढरा, कपाळावर चांदणी, एक कान जरा वाकडा. तो मंगलच्या कादंबरीच्या पहिल्या प्रतीचा बनला आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, माझ्या हाताने नीट क्रमाने लावलेल्या. तुमच्याकडच्या दमट हवेत ह्या चांदणीच्या अंगाला थोडा मेथीचा वास येईल. येऊ द्या. तारा तिला पूर्णेपर्यंत शोधत गेली. ती आता लीड्सला तुमच्या भिंतीवर असेल.

तिला स्वच्छ ठेवा, उन्हात ठेवू नका, आणि खेळताना तोंडाला लावलीत तरी हरकत नाही. तिच्या गळ्यात पांढरी सुतळी आहे. अजितला गाठी सोडवायला आवडतात हे मला माहीत आहे. ती तेवढी सोडू नकोस, बाळा. ती गाठ माझी आहे.

तुमची,
आजी